मुंग्यांचं हिंदी

“मॅडम, वो रोज़ वाली गोली खाने से औरत मर भी सकती है क्या?”

प्रश्न भानूचा नव्हताच. मधल्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीमागे, चिंच चोखता चोखता सगळ्याजणींनी मिळून तो शिजवला होता, आणि विचारायची छाती कोणाची एवढंच ठरायचं उरलं होतं. अंजनी पटेल, जी तिच्या एका वेणीला आपली एक वेणी बांधून बसण्याइतकी जवळची, ती म्हणाली होती, बडी डिबेट की रानी बनती है, पूछ के दिखा; कमानिया गेटवर खव्याची जिलबी माझ्याकडून. आणि भानू उभी राहिली होती. गेल्या वर्षापर्यंत हजेरीच्या वेळीसुद्धा जिचा आवाज ओठांच्या आतच मरायचा, त्या भानुमती वानखडेला दसऱ्याच्या आधी वादविवादाची ढाल मिळाली होती, आणि तेव्हापासून तिचा आवाज म्हणजे नवी सायकल झाला होता. रस्ता मोकळा असला तरी घंटी वाजवायचीच. प्रश्न विचारून झाल्यावर हॉलभर जी खसखस पिकली ती तिनं मान ताठ ठेवून अंगावर घेतली. मोठ्या मॅडमनी डोळे वटारले. पण मुलींना चार गोष्टी समजावून सांगायला आलेल्या डॉक्टर तिवारी रागावल्या नाहीत की हसल्या नाहीत. पाळी, पोषण, पालक, गूळ-फुटाणे हे सगळं इतका वेळ त्या जणू या एका प्रश्नाची वाट पाहत सांगत बसल्या होत्या. अच्छा सवाल है, त्या म्हणाल्या, बसू नकोस, उभीच रहा, आणि पिशवीतून त्यांनी मूल होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांची एक पट्टी काढून सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. पांढऱ्या गोळ्यांच्या ओळी, आणि सगळ्यात खाली एक चॉकलेटी ओळ. भानूनं ती पाहिली, आणि अंधारात जिन्याची पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि ती नसावी तशी ती उभ्याउभ्या दचकली. ती पट्टी तिच्या ओळखीची होती. ती तिच्या घरी मेथीदाण्याच्या डब्यात असते.

डॉक्टर बोलत होत्या ते तिला ऐकू येत होतं, आणि दुसऱ्या बाजूनं स्वयंपाकघरातला तो डबाही दिसत होता. झाकण चेपलेला, उघडताना टक् असा वाजणारा. लाखो बायका ही गोळी घेतात, बहुतेकींना काही होत नाही, कोणाला पहिले महिने मळमळतं, कोणाचं अंग जड होतं, कोणाला उगाच रडू येतं, ते हळूहळू बसतं. टक्. कधीतरी, आठवीत असेल, डाळीला फोडणी द्यायला म्हणून तिनं डबा काढला होता आणि दाण्यांत रुतलेली ती पट्टी पाहून, ही कशाची, असं विचारलं होतं. आणि आईनं पोळी उलटता उलटता, डोक्याची, असं सांगितलं होतं. डोक्याची गोळी. रोज रात्री भांडी आवरून झाली की आई ती घ्यायची, आणि तरी आईचं डोकं काही राहायचं नाही. महिन्या-पंधरा दिवसांनी ते चढायचंच, आणि मग भानूच तिला सांगायची, आई, डोक्याची गोळी घेतली का, नाही तर घे ना आणखी एक. आई हसायची. ते हसू काय होतं ते आत्ता, या हॉलमध्ये, घरघरणाऱ्या पंख्याखाली, सगळ्या शाळेसमोर उभं राहून कळत होतं. आणि तेवढ्यात डॉक्टरांनी आवाज जरा खाली आणला. लेकिन कुछ औरतों को, त्या म्हणाल्या, ये गोली देनी ही नहीं चाहिए. जिनका बी.पी. बढ़ा रहता हो. और जिनको आधे सिर का दर्द हो, और दर्द से पहले आँखों के सामने टेढ़ी-मेढ़ी चमक दिखे, या एक हाथ में झुनझुनी चढ़े. उनमें लकवे का ख़तरा बढ़ जाता है. कम है, पर है. ऐसी औरत आज ही बंद करे और दूसरा तरीक़ा पूछे. मग त्यांनी भानूकडे पाहून मान हलवली, म्हणजे बैस आता. मुलींनी टाळ्या वाजवल्या. अंजनीनं तिला कमरेत चिमटा काढला. भानू बसली, आणि टाळ्या थांबल्या तरी तिच्या कानात त्या वाजतच राहिल्या.

चमक. आई त्याला चमक म्हणत नाही. आई म्हणते काचा. डोळ्यापुढं काचा आल्या वं, जरा परदा ओढ. म्हणजे आधी एका कोपऱ्यात छोटासा तुकडा चमकतो, मग तो करवतीच्या दातांसारखा वाकडातिकडा होत होत मोठा होतो, आणि त्यातून पाहिलं की माणसाचा अर्धा चेहरा दिसतो, अर्धा जातो. एकदा आईनं तिला हे गंमत म्हणून सांगितलं होतं. तुझं नाकच गेलं होतं मघा, नुसते डोळे आणि वेण्या. दोघी खूप हसल्या होत्या. त्या हसण्याची भानूला आता भीती वाटू लागली. शाळा सुटल्यावर, तिला उचलून न्यावं तसं, मैत्रिणी तिला घेऊन कमानिया गेटकडे निघाल्या. ती चालत होती, उत्तरं देत होती, मोठ्या मॅडमची नक्कलसुद्धा करून दाखवत होती, आणि तिचं तिलाच नवल वाटत होतं की तोंड एका माणसाचं आणि मन दुसऱ्याचं असं चालू शकतं. मनात ती स्वतःशी वकिली करत होती. काचा म्हणजे चमक असेलच असं नाही. आईला चष्म्याचा नंबर असेल. उन्हात कपडे वाळत घालते म्हणून असेल. आणि डॉक्टर दोन गोष्टी म्हणाल्या होत्या, हातात झुनझुनीही म्हणाल्या होत्या. आईला कुठे झुनझुनी होते. आईनं कधी म्हटलं नाही. वादविवादात समोरच्याचा एक मुद्दा पडला की सगळी इमारत पडते हे तिला पाठ होतं. झुनझुनी नाही. म्हणजे नाही.

दुकानासमोर गर्दी होती. कढईतून काळसर, जाड जिलब्या पाकात पडत होत्या, आणि परातीच्या कडेला जिथे पाक ओघळून सुकला होता तिथे मुंग्यांची एक रांग लागली होती. दुकानदार मधून मधून फडक्यानं ती पुसायचा आणि ती पुन्हा लागायची. अंजनीनं द्रोण तिच्या हातात दिला. भानू मुंग्यांकडे पाहत राहिली. त्या परातीच्या काठावरून वर चढत होत्या, एकीमागे एक, कुठल्याच घाईत नसल्यासारख्या. आणि मग जबलपूरच्या भर बाजारात, घोडागाड्या, स्कूटर, साडीवाल्यांच्या हाका यांच्या मध्ये, तिला आईचा आवाज अगदी जवळून ऐकू आला. हाताला मुंग्या आल्या वं. बोटापासून चढून राहिल्या. मुंग्या. घरात ती मराठी ऐकते आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदीत जगते, आणि या दोन घरांच्या मध्ये जी भिंत आहे तिच्यात इतक्या वर्षांत तिला कधी खिडकी काढावी लागली नव्हती. पाय झोपला की मैत्रिणींत ती म्हणायची, यार झुनझुनी चढ़ गई. आई म्हणायची मुंग्या. दोन्ही शब्द तिचेच होते, पण ते एकमेकांना कधी भेटलेच नव्हते. आता ते भेटले. द्रोणातला पाक तिच्या मनगटावर ओघळला. खा ना, अंजनी म्हणाली, काय झालं, मुँह क्यों उतर गया. काही नाही, ऊन लागलं, असं सांगून तिनं द्रोण तिला परत दिला आणि घराकडे जाणारा अधारतालचा टेंपो धरायला ती जवळजवळ पळत सुटली.

टेंपोत ती दाराकडेला बसली होती आणि गेल्या थंडीतला तो दवाखाना तिच्या शेजारी येऊन बसला होता. आईला गोळ्या देणाऱ्या तिथल्या डॉक्टरीणबाई. समोर बायकांची ही लांब रांग. आणि आई स्टुलावर अवघडून, पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन. आईचं माहेर वर्ध्याकडचं. लग्न होऊन इथे येऊन इतकी वर्षं झाली तरी भाजीवाल्याशी बोलताना ती आधी मनात मराठी वाक्य करते आणि मग एकेक शब्द बदलून हिंदीत ठेवते, जसं नवीन घरात सामान लावावं. त्या दिवशीही तिनं ठेवलं. सिर चढ़ता है, आँख के सामने काँच आती है. आणि मग जरा थांबून, शब्द शोधून, म्हणाली, और हाथ को चींटियाँ आती हैं. डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. चींटियाँ? तो घर में शक्कर खुली मत रखा करो, दीदी. रांगेतल्या बायका हसल्या. आईही हसली, काय चुकलं ते न कळता, पाहुण्याघरी हसावं तसं. भानू तिथेच उभी होती. आईचं हिंदी ऐकून तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या आणि ती खिडकीबाहेर लिंबाच्या झाडाकडे पाहू लागली होती, एवढंच. एवढंच झालं होतं त्या दिवशी. आई पट्ट्या घेऊन घरी आली, आणि वाटेत म्हणाली सुद्धा, की साखरेचा डबा तर मी झाकूनच ठेवते बाप्पा. म्हणजे ज्यांनी गोळी दिली त्यांना माहीत नाही. आईला माहीत नाही. बाबांना तर नाहीच नाही. टेंपो दमोह नाक्याजवळ गचके खात थांबला, माणसं उतरली, चढली, एक म्हातारा तिच्या चपलेवर पाय देऊन सॉरी बेटा म्हणाला, आणि तिला वाटलं, या सगळ्या शहरात ही गोष्ट माहीत असलेलं एकच माणूस आहे, ते या टेंपोत बसलं आहे आणि त्याला अजून मत देता येत नाही.

लकवा तिला माहीत होता. त्यांच्या गल्लीतल्या सत्यभामाबाईंना तो झाला होता. त्यांच्या तोंडाची एक बाजू खिळा निघालेल्या फोटोसारखी खाली आली होती. चहा पिताना तो त्या कोपऱ्यातून ओघळायचा आणि त्यांची सून हसतमुखानं पुसायची. लहानपणी भानू त्यांच्या दारावरून जाताना मुद्दाम दुसरीकडे पाहायची. आता तिला त्यांचा चेहरा नको असताना दिसू लागला, आणि मग त्या चेहऱ्यावर कपाळाला आईचं कुंकू. तिनं डोळे मिटले तर जास्तच दिसलं. भूकंपाच्या सालीही असंच झालं होतं, भीती अंगातून जातच नव्हती. तेव्हा सगळं हलायचं थांबलं होतं, भिंतीला एक भेग सोडून घर जसंच्या तसं होतं, लोक अंगणातून आत जाऊन झोपायलाही लागले होते, पण तिच्या तळपायांना पुढे कितीतरी आठवडे जमीन हलतेय असं वाटायचं. बाबा म्हणायचे, अवं, काही नाही, ट्रक गेला. आणि खरंच ट्रकच गेलेला असायचा. पण ज्या रात्री गेला नव्हता त्या रात्रीही त्यांनी ट्रकच म्हटलं होतं.

मग ही गोळी नको. महाराजपूरचा फाटा यायच्या आत तिनं हे ठरवूनही टाकलं. पण नको म्हणजे काय, हे मनात आलं आणि ती आणखीच घाबरली. कारण त्या गोळीच्या मागे काय आहे तेही तिला ठाऊक होतं, जरी कोणी ते तिला बसवून सांगितलेलं नव्हतं. ती तिसरीत असताना आईचं पोट मोठं झालं होतं आणि मग एका दुपारी तिला शेजारच्यांकडे ठेवून सगळे दवाखान्यात गेले होते. बाळ आलं नाही. आईसुद्धा जेमतेम परत आली. तिला आठवतं ते एवढंच की संध्याकाळी तिला तिकडे नेलं तेव्हा बाबा बाकावर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर आईची एक चप्पल होती; एकच; ती कुठून आली, दुसरी कुठे गेली, त्यांनी ती का धरून ठेवली होती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. अब और नहीं, असं तिथलं कोणीतरी त्यांना दोनदा बजावत होतं. अब और नहीं. पुढे नागपूरची नर्मदा मावशी आली, महिनाभर राहिली, आणि मावशी आणि आई दुपारी कुजबुजायच्या त्यात एक शब्द सारखा यायचा, तांबी. तांबी बसवली. तांबी सोसत नाही. तांबी काढून टाक बाई, पांढरी पडली तू. भानूच्या मते तांबी म्हणजे देवाजवळचा तो छोटा तांब्या, ज्यात नर्मदेचं पाणी भरून ठेवलेलं असायचं. आणि आई दिवसेंदिवस पांढरी पडत चालली, उठता-बसता भिंत धरायला लागली, तेव्हा तिनं तो तांब्या उचलून मागच्या कोळशाच्या पोत्यात लपवला होता. तांब्या सापडला तेव्हा मार बसला नाही. मावशी तोंडाला पदर लावून इतकी हसली की शेवटी रडायलाच लागली, आणि भानूला कोणी काही सांगितलं नाही. तांबी म्हणजे कॉपर-टी हे तिला पुढे नववीत, एका भिंतीवरच्या जाहिरातीवरून, अंजनीशी हिंदीत बोलता बोलता कळलं. तर तांबी अशी गेली. ऑपरेशनची गोष्ट निघाली तेव्हा अंगात रक्तच नाही, आधी रक्त भरू द्या म्हणाले, आणि ते भरायचं राहिलं ते राहिलंच. मग उरली गोळी. आता गोळी काढली की पुढे काय आहे, तर ती एक चप्पल.

आणि बाबा. बाबांचं नाव तिच्या मनात आलं तशी तिनं टेंपोचा दांडा घट्ट धरला. अंबादास वानखडे, फॅक्टरीत ट्रकचे सांगाडे जोडणारा माणूस. डोक्यावरून क्रेननं लोखंड जात असताना खाली उभा राहून विडी ओढणारा. पण एका शब्दाला भ्यायचा. आणीबाणीच्या वेळी त्यांच्या मोठ्या भावाला, अण्णाला, गावच्या बाजारातून गाडीत घालून नेलं होतं आणि परत आणून सोडलं होतं. अण्णाचं तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं, आणि मग झालंही नाही. अण्णाकाका अजून गावी असतो, ओसरीवर, कोणाशी बोलत नाही. घरात टीव्हीवर नसबंदी हा शब्द आला तर बाबा उठून पाणी प्यायला जातात. त्यांना तहान लागलेली नसते. भानूला हे फार दिवसांपासून माहीत होतं, पण हे सगळं एका ओळीत लावून, तांबी, ऑपरेशन, गोळी, अण्णाकाका, असं तिनं आजवर पाहिलं नव्हतं. आणि आता पाहिल्यावर तिला दिसलं की आई त्या ओळीच्या टोकाला एकटी उभी आहे, कारण बाबांच्या ऑपरेशनचं नाव या घरात कधी निघालेलंच नाही.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतला परदा ओढलेला. आई खाटेवर, कपाळाला फडकं करकचून बांधून, भिंतीकडे तोंड. भानूनं दप्तर कुठे टाकलं तिला कळलं नाही. तिनं आईला हाक मारली तेव्हा ती हाक तिच्या गळ्यातून तिसरीतल्या मुलीच्या आवाजात निघाली. आई वळली. भानूनं आधी तिचं तोंड पाहिलं, दोन्ही कोपरे पाहिले, सरळ आहेत का.

“काही नाही वं,” आई म्हणाली. “चढलं होतं, उतरून राहिलं आता. तू हात धू, कुरमुरे आहेत डब्यात.”

“मुंग्या आल्या होत्या?”

“आल्या होत्या थोड्या.” आईनं उजवा हात उघडझाप करून पाहिला, दुसऱ्याचा असल्यासारखा. “या वेळेस ओठालापण आल्या. शब्दच फुटत नव्हता घडीभर. दूधवाला आला तर त्याला नुसती मानच हलवली. तू काहून विचारून राहिली?”

सांगायचं होतं ते इथेच. भानूनं तोंड उघडलं, आणि ढाल जिंकणारा तो आवाज, जो दुपारी सगळ्या शाळेसमोर कोणाच्या बापाला भ्याला नव्हता, तो कुठेच नव्हता. कारण सांगायचं म्हणजे आधी हे सांगायचं की मला माहीत आहे. मेथीच्या डब्यातलं मला माहीत आहे, तुझं आणि बाबांचं मला माहीत आहे. हे एकदा या खोलीत ठेवलं की ते उचलून परत नेता येणार नाही. आई उद्या तिची वेणी घालायला बसेल तेव्हाही ते दोघींच्या मध्ये बसलेलं असेल. मरणाची भीती मोठी की या लाजेची, असं कोणी वादविवादाला विषय दिला असता तर तिनं पहिल्या बाजूनं बोलून पुन्हा ढाल आणली असती. इथे तिनं म्हटलं, असंच. आणि स्वयंपाकघरात जाऊन कुरमुरे खाऊ लागली, आणि समोर फळीवर डबे होते, हळद, जिरं, मोहरी, मेथी.

संध्याकाळ नेहमीसारखी झाली, हेच तिला सहन होईना. भोंगा झाला, बाबा आले, सायकल भिंतीला लागली, बातम्या झाल्या. आईनं फडकं सोडून पोळ्या लाटल्या. बाबांनी तिला, आज काय शिकवलं शाळेत, असं विचारलं, जसं ते रोज विचारतात आणि उत्तराआधी टीव्हीकडे वळतात. तिनं ऑक्सिजन म्हटलं. जेवताना ती आईच्या हाताकडे पाहत होती. वरण वाढताना पळी थरथरली का, बांगड्या जास्त वाजल्या का. आईच्या हातून चमचा खाली पडला आणि भानू पाटावरून अर्धी उठली, पण तो नुसताच पडला होता. मग बाबांचा ताक-भात संपत आला. आई उठली, तिनं आपली थाळी मोरीत ठेवली, लोट्यातून पेल्यात पाणी ओतलं आणि फळीकडे हात नेला. झाकण वाजलं.

“आई, ती नको घेऊ.”

आई तशीच थांबली. पाठमोरी. उत्तर बाबांनी दिलं, आणि फारच लवकर दिलं.

“डोक्याची आहे ती,” ते थाळीतच पाहून म्हणाले.

म्हणजे हे दोघांचं मिळून ठरलेलं होतं. भानूला त्या क्षणी, इतकी भीती असतानाही, त्यांच्याबद्दल माया वाटली. दोन मोठी माणसं एका चेपलेल्या डब्यामागे लपलेली. “डोक्याची नाही,” ती म्हणाली. “कशाची आहे ते मला माहीत आहे बाबा. आज शाळेत डॉक्टर आल्या होत्या, त्यांनी अशीच पट्टी दाखवली.” आणि मग ती बोलत गेली. आधी अडखळत, मग नको इतकं भरभर. काचांचं, मुंग्यांचं, हिंदीत त्याला काय म्हणतात त्याचं, त्या साखरेच्या डब्याचं, ओठाला आलेल्या मुंग्यांचं, आणि लकव्याचं. लकवा म्हणताना तिनं सत्यभामाबाईंचं नाव घेतलं नाही, पण आईचा हात आपोआप स्वतःच्या गालावर गेला. बाबा इतका वेळ भाताचं एकच शीत बोटानं इकडून तिकडे नेत होते. त्यांनी हळूच विचारलं, ओठाला कधी आल्या होत्या, तू मला सांगितलं नाही. आई म्हणाली, तुम्ही कधी विचारलं. भांडण नव्हतं ते. दोघंही जणू तिसऱ्याच कोणाबद्दल बोलत होते. मग बाबा म्हणाले, पाहू, बायकांचं आहे, नर्मदाला फोन करून पाहा, ती सांगेल काही, आणि हात धुवायला उठू लागले. तहान लागल्यावर उठतात तसेच.

आणि तेव्हा आई वळली. तिच्या हातात पट्टी होती, झाकायचंही तिनं सोडून दिलं होतं, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते भानूनं कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटलं होतं आई लाजेल, नाही तर रागावेल. आई भ्यालेली होती. ती काही आजच भ्यालेली नव्हती. खूप जुनी, रोजची, भांडी घासता घासता, पोळ्या लाटता लाटता भ्यालेली होती, आणि आज पहिल्यांदा कोणी तिकडे पाहिलं होतं.

“मग मी काय करू, तेच सांग ना,” आई म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. “तांबी मला सोसली नाही. ऑपरेशनला अंगात रक्त नाही. ही तू म्हणते नको. आणि तसंच राहू म्हटलं तर मागं काय झालं ते या माणसाला विचार. काय करू मी?”

बाबा दारात उभे होते, उष्टा हात अंगापासून दूर धरून. बाहेरून एक ट्रक गेला, खराच, आणि फळीवरचे डबे किणकिणले. डॉक्टर म्हणाल्या होत्या दुसरे तरीके आहेत, बहुत आहेत. पण कुठले, आणि त्यातला आईच्या अंगाला सोसेल असा कुठला, आणि त्याचंही पुन्हा काही निघालं तर, यातलं भानूला काहीच माहीत नव्हतं. तिच्याजवळ ढाल होती, आणि डॉक्टर तिवारींनी जाता जाता सगळ्या मुलींना सांगितलेलं एक वाक्य होतं, की महाराजपूरच्या फाट्यावर माझा दवाखाना आहे, सकाळी बसते, माँ को लेके आना. ती उठून आईजवळ गेली, पट्टी तिच्या हातातून काढून घेतली, आणि मोठी माणसं लहान मुलांकडे पाहतात तसं दोघांकडे पाहिलं.

“उद्या मी शाळेत जाणार नाही,” ती म्हणाली. “आईला घेऊन मी डॉक्टर तिवारींकडे जाऊन राहिली. आणि बाबा, तुम्ही सुट्टी टाकून येऊन राहिले. जे विचारायचं ते मी विचारीन, आईचं, आणि तुमचं पण. लाज वाटली तर खाली मान घालून बसा दोघं. पण बाहेरच्या बाकावर नाही. आतच बसा.”